बाई, सगळ्या गुडघ्यांबद्दलच बोलल्या

बाई,

तुमच्या शोकसभेत सगळ्या गुडघ्यांबद्दलच बोलल्या. कसब्यातलं ते छोटं सभागृह, तुमचा फोटो, त्याला तुम्हाला कधीच न आवडलेल्या निशिगंधाचा हार, आणि एकामागून एक उठणाऱ्या बायका. पहिली म्हणाली, बाईंनी माझा गुडघा बरा केला. दुसरी म्हणाली, गुडघ्याने मी हैराण झाले होते, बाई देवासारख्या भेटल्या. तिसरी हिंजवडीच्या कंपनीतली मुलगी, पंचविशीचीही नसेल. तिने माइक धरला, "माझे दोन्ही गुडघे" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. माझ्या मागे बसलेले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "हल्लीच्या पोरींचे गुडघे एवढ्यात कसे हो जातात? दिवसभर एसीत बसतात, दुसरं काय." तुम्ही असतात तर त्यांना असं काहीतरी ऐकवलं असतंत की ते घरी जाऊन दोन दिवस विचार करत बसले असते.

मग मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले, बाईंनी मला काम शिकवलं. आणि खाली बसले. बसले तीही नेहमीसारखीच, एका बाजूवर भार टाकून, अर्धी.

गुडघा हा शब्द तुम्हीच सगळ्यांना दिलेला. जिन्याखालच्या पाटीवर 'पाठ, मान, गुडघा' एवढंच होतं. वर येणाऱ्या बहुतेकींचं यातलं काहीच दुखत नसे. कुणाची खोकला आला की लघवी सुटायची. कुणाला खुर्चीवर बसवत नसे. बाळंतपणात टाके पडल्यावर कुणाचा शौचावर ताबा राहिला नव्हता. कुणाला नवरा जवळ आला की आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. ओटीपोटाच्या तळाशी असणाऱ्या स्नायूंची ही दुखणी. तुम्ही त्यांच्यावर हाताने, श्वासाने आणि व्यायामाने उपचार करत होतात, आणि तेव्हा ते करणारं दुसरं कुणी आम्हाला शहरात माहीत नव्हतं. "या जिन्यात कुणी हटकलं तर बाईला पटकन सांगता आलं पाहिजे," तुम्ही म्हणायचात. "गुडघा सगळ्यांनाच असतो."

त्या सभेत मी जे बोलले नाही, आणि तुम्ही असताना तुमच्याजवळ जे बोलले नाही, ते एकच आहे. बाई, मीही त्या बायकांमधली एक आहे. लग्न झाल्यापासून आहे. तुमच्या टेबलाच्या एका बाजूला उभी राहून मी इतकी वर्षं जे बघितलं, जे बरं करायला शिकले, ते माझ्या अंगात आहे आणि तसंच राहिलं आहे. तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं. दर वेळी पुढे ढकललं. आता तुम्ही नाही.

हे लिहू का, असं मी नवऱ्याला, धनंजयला विचारलं. तो बूट घालत होता. म्हणाला, "लिही. माझं नाव बदलू नकोस, उगीच लोक कुणा भलत्याला शोधत बसतील." आई हे वाचणार नाही, तिला वाचता येत नाही. त्यामुळे अडवणारं कुणी उरलं नाही.

मी पहिल्यांदा वर आले तो दिवस तुम्हाला आठवत होता की नाही, मला माहीत नाही. मी रिसोडची. वडिलांचं एसटी स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मीच पहिली, आणि ती फिजिओथेरपीची पदवी म्हणजे काय, हे घरात कुणाला नीट सांगता यायचं नाही. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगी डॉक्टरच हाय, फक्त सुई नाई देत." मी तुमच्यासमोर मार्कशीटांची प्लास्टिकची फाइल धरली. तुम्ही ती उघडलीही नाहीत.

"हे आत ठेव. नखं दाखव."

मी शाळेत प्रार्थनेनंतर उभी राहायचे तशी दोन्ही हात पुढे करून उभी राहिले. तुम्ही चष्मा वर करून नखं बघितलीत, मग बोटं दाबून बघितलीत.

"बरी आहेत. उद्यापासून ये."

"थँक्यू, मॅडम."

"मॅडम साड्यांच्या दुकानात म्हणतात. बाई म्हण."

मला इतका आनंद झाला होता, बाई. आमच्याकडे शिकवणाऱ्यांना बाईच म्हणतात. पुण्यात आल्यापासून मला पहिल्यांदा कुणीतरी माझ्या ओळखीचा शब्द दिला होता.

मी तेव्हा छापील मराठी बोलायचे. आपलं वऱ्हाडी ऐकून कुणी हसू नये म्हणून. पेशंटला विचारायचे, "आपल्याला नेमक्या कोणत्या ठिकाणी वेदना जाणवतात?" तुम्ही पडद्याआडून म्हणालात, "तिच्यावर पंचनामा करायचाय का? घरी काय म्हणता तुम्ही?" मी घाबरत म्हटलं, "कुठं दुखून राहिलं, माय?" ती बाई वाशीमकडची निघाली. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी भोसरीला आलेली. तिने तो शब्द ऐकला आणि ती बोलायलाच लागली, थांबेचना. त्या दिवशी तुम्ही चहाबरोबर एक क्रीमरोल पुढे सरकवलात. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस मी तेच धरते.

तुम्ही हे शिकलात ते अमेरिकेत, आणि तेही स्वतःसाठी गेला नव्हतात. अनघाताईंच्या, म्हणजे तुमच्या लेकीच्या बाळंतपणाला गेला होतात. तेव्हा पुण्यातल्या तुमच्या वयाच्या सगळ्याच जात होत्या. जावई कॉम्प्युटरमध्ये, बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा. तिथे अनघाताईंना शिंक आली की कपडे बदलावे लागायचे. त्यांच्या डॉक्टरणीने त्यांना अशाच उपचाराला पाठवलं. तुम्ही सोबत गेलात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं बघितलंत. "इतकी वर्षं मी लोकांच्या माना वळवल्या," तुम्ही मला सांगितलंत, "आणि बायकांच्या अंगाला तळ असतो हे मला कुणी शिकवलंच नाही. माझ्याही अंगाला होता की." पुढच्या खेपेला तुम्ही ते शिकायलाच गेलात. बाकीच्या धबधबे बघून फोटो घेऊन यायच्या. तुम्ही एक प्लास्टिकचा कमरेचा सांगाडा आणलात आणि विमानतळावर तो कस्टमच्या माणसाला समजावून सांगितलात.

तुमची पद्धत मी आता कुणाला सांगू? पहिल्या दिवशी तुम्ही हात लावत नव्हतात. त्रास काय, हेही विचारत नव्हतात. चादर पांघरून बसवायचं, पाणी द्यायचं आणि एकच प्रश्न.

"शाळेत असताना लघवीला कुठे जायचीस?"

बायका आधी हसायच्या. मग एकेक निघायचं. दार नसलेली मोरी. मुलांच्या बाजूची भिंत. पाणीच प्यायचं नाही म्हणजे जावं लागणार नाही. पहिल्यांदा मी तो प्रश्न ऐकला तेव्हा मी टॉवेलच्या घड्या घालत होते. माझे हात थांबले. आमच्या शाळेत मुलींची मोरी मैदानापलीकडे होती, तिच्या मागे वरच्या वर्गातली मुलं बसलेली असायची. आम्ही सकाळी घरून निघायचो ते संध्याकाळी घरीच. अकोल्याला परीक्षेला एसटीने जायचं तर तेवढा वेळही तसंच. धरून ठेवणं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, पण आम्ही सगळ्या त्यात पास झालो. मला तर त्याचा अभिमान वाटायचा. कॉलेजच्या सहलीत मुली बस थांबवा म्हणायच्या आणि मी खिडकीला बसून मनात म्हणायचे, माझं काही अडत नाही.

तुम्ही सांगाड्यात रबराची पट्टी अडकवून दाखवायचात. "ही झोळी. बाळाची झोळी ढिली पडली तर बाळ जमिनीला टेकतं. पण कुणी झोळी इतकी ताणून बांधली की ती फळीच झाली, तर बाळ झोपेल का त्यात?" ढिल्या झोळीला आवळायचे व्यायाम. ताठलेल्या झोळीला सोडायला शिकवायचं. हातमोज्यातलं एक बोट, आत, ज्या जागी स्नायूची गाठ लागते तिथे हलका दाब, आणि मग थांबणं. तुम्ही त्या थांबण्यात वाकबगार होतात. खाली तांबटाची ठकठक चालू असायची. "बरा आहे तो," तुम्ही म्हणायचात, "इथे रडलेलं खाली ऐकू जात नाही." आणि मग केव्हातरी, बोटाखाली, तो स्नायू सुटायचा. बाईच्या चेहऱ्यावर कळायच्या आधी बोटाला कळायचं.

कंपन्यांमधल्या मुली यायला लागल्या तेव्हा तुम्ही वैतागला होतात. त्यांनी इंटरनेटवर वाचून आवळायचे व्यायाम सुरू केलेले असायचे. मीटिंगमध्ये, सिग्नलला, जेवताना. आणि दुखणं वाढलेलं असायचं, कारण त्यांचे स्नायू आधीच आवळलेले. त्यांतल्या बहुतेक माझ्यासारख्याच. लातूर, यवतमाळ, परभणी. बोर्डात आलेल्या, घरातल्या पहिल्या.

"मी सांगितल्याच्या दुप्पट करते," एक म्हणाली.

"कुणी सांगितलं, जास्तीचे मार्क मिळतात म्हणून?" तुम्ही म्हणालात. "घरी जाऊन काहीही करू नकोस. जमेल?"

ती म्हणाली, "काहीच नाही? मग मी सुधारणार कशी?" आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी हसले. मला वाटलं, तुम्ही मला त्या विनोदात सामील करून घेताय. आता वाटतं, तसं नव्हतं.

माझा तुमच्यावर राग आहे. तो लिहायला बसले तेव्हा नव्हता, आता आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही धनंजयला बघून म्हणाला होतात, "मुलगा कमी बोलतो. टिकेल." तो टिकला आहे. आम्ही शहराच्या टोकाला, मांजरी गावात, उसाच्या शेताला लागून झालेल्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. लग्नाच्या पहिल्या रात्री मला कळलं, आणि मला नुसतं कळलं नाही, बाई, मला त्याचं नाव, त्याची जागा, त्याचा उपचार सगळं एकदम कळलं. बाकीच्या बायकांना निदान काय होतंय ते माहीत नसतं. मी वेदनेने ओठ चावत मनात स्नायूंची नावं घेत होते.

आईला फोनवर आडून सांगून बघितलं. ती म्हणाली, "सगळ्यायलेच दुखते, माय. कोनी बोलत नाई, इतकंच."

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे येऊन सांगायचं ठरवूनच मी जिना चढले होते. तुम्ही त्या दिवशी इंटर्नशिपला आलेल्या दोन मुलींना शिकवत होतात. तुम्ही म्हणालात, "हात शांत पाहिजे. जिच्या स्वतःच्या अंगात भीती आहे, तिचा हात पेशंटला कळतो. तिने हे काम करू नये." तुम्ही सहज बोललात. त्या मुलींपैकी एक जांभई देत होती. आणि मी, बाई, मी ते पाठ केलं. बाईंनी सांगितलेलं वाक्य पाठ करायचं, ही माझी शिकायची एकच रीत होती. तुमचं टेबल मला दोन बाजूंनी माहीत होतं, उभं राहायची आणि झोपायची. मला उभं राहायची बाजू सोडायची नव्हती. रिसोडपासून तिथवर मी त्याच बाजूला यायला चालत आले होते.

मग मी स्वतःचं स्वतः करून बघितलं. दार लावून, तुम्ही सांगायचात तसा श्वास घेऊन. होत नाही. आपला हात काय करणार आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणून अंग त्याच्यासमोरही तयारीतच राहतं. दुसऱ्याचाच हात लागतो. हेही तुम्हीच शिकवलेलं.

धनंजयने मला कधीही काही म्हटलं नाही. सासूबाईंनी गोड बातमी कधी म्हणून विचारलं की तो म्हणायचा, "प्रोजेक्ट चालू आहे, आई." मग त्याने कंपनीत रात्रपाळी मागून घेतली. अमेरिकेच्या वेळेची. त्याची संध्याकाळी जायची गाडी येते तेव्हा मी कसब्यातून परतलेली असते, आम्ही पार्किंगमध्ये डबा देतो-घेतो. रात्रपाळीला पैसे जास्त मिळतात असं तो सगळ्यांना सांगतो. मला त्याने कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढा चांगला माणूस घरात असणं किती अवघड असतं, हे मी कुणाजवळ बोलणार होते? तुमच्याजवळच.

एकदा जवळ आलं होतं. दुपारची वेळ, पेशंट नव्हतं. मी स्टुलावर बसून लिहीत होते. तुम्ही बराच वेळ बघत असाल.

"तू नीट का बसत नाहीस गं?"

"सवय आहे, बाई."

"सवयी कुठून येतात, ते मीच शिकवलंय ना तुला?"

मी मान खाली घातली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तुम्ही वाट बघत होतात, हे मला खोलीभर जाणवत होतं. आणि जिन्यावर चपला वाजल्या.

आली ती मंडईतली आपली पालेभाजीवाली, लक्ष्मीबाई. दोन बाळंतपणांनंतर लघवी राहायची नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता गोणपाटावर बसणारी. तिला काही महिने आवळायचे व्यायाम दिले होते. ती दारातूनच म्हणाली, "बाई, काल शिंकले."

"मग?"

"मग काय. नुसती शिंकले."

तुम्ही टेबलावर हात आपटून हसलात. तीही हसली, पदर तोंडाला लावून. मीही हसले, आणि खरंच आनंदाने हसले. तिने मेथीची जुडी ठेवली. तो विषय तिथेच राहिला. तुम्ही परत विचारलं नाहीत.

पाटीवरून आपलं भांडण अर्धंच राहिलं. मी म्हणायचे, बाई, खरं काय ते लिहू या. रोज किती जणी या गल्लीतून मंडईत जातात, त्यांना कळणारच नाही की वर आपण आहोत. तुम्ही म्हणायचात, "लिहिलंस तर एकही वर यायची नाही." मी म्हणायचे, "नाही लिहिलं तर ज्यांना कुणी सांगणारं नाही त्यांचं काय?" तुम्ही म्हणायचात, "त्या वाट बघतील. वेळ आली की बाई येते. ओढून आणलेली बाई सुटत नाही." शेवटच्या आठवड्यातही आपण यावरून बोललो. तुम्ही रागाने चहा अर्धा टाकून उठलात. दोन दिवसांनी तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि मी पोचले तेव्हा तुम्ही ओळखण्याच्या पलीकडे गेला होतात. मी तुमचा हात धरून बसले. तो शांतच होता. इतका शांत की मला सहन होईना.

आता खोली जाणार आहे. घरमालकाने मोबाइल दुरुस्तीवाल्याला शब्द दिला आहे. तुमच्यामागे मी चालवावं असं तुमच्या मनात होतं, हे अनघाताईंनी सांगितलं. पण बाई, गेल्या आठवड्यात मी एका पेशंटला तपासायला हातमोजा घातला आणि माझं बोट थरथरलं. आधी कधीच असं झालं नव्हतं. तुम्ही खोलीत असताना माझा हात शांत असायचा. मी तिला म्हटलं, आज नको, पुढच्या वेळी बघू. तिला काय वाटलं असेल? ती पुन्हा आली नाही.

अनघाताई आल्या आहेत. काल आम्ही दोघींनी खोली आवरली. त्या तुमच्यासारख्या दिसत नाहीत, पण वस्तू उचलून बाजूला ठेवताना तुमच्यासारख्याच पुटपुटतात. तुमचं टेबल एका हाडांच्या डॉक्टरांनी मागितलं आहे, त्यांची माणसं येणार होती. आम्ही त्यांची वाट बघत जमिनीवर बसलो होतो. ताई खुर्चीत नाही बसल्या, म्हणून मीही.

त्या म्हणाल्या, "आई फोनवर तुमच्या पेशंटबद्दल कधी बोलायची नाही. एकीबद्दल मात्र बोलायची. म्हणायची, एक मुलगी आहे, खूप त्रासात आहे, मला दिसतंय. पण ती सांगत नाही. मी म्हटलं, मग तू विचार ना. तर म्हणाली, नाही. माझी पद्धत आहे, बाईने आपल्या तोंडाने सांगितल्याशिवाय मी हात लावत नाही. ती सांगेल. हुशार आहे." ताई पिशवीत टॉवेल भरत होत्या. "शेवटच्या फोनमध्येही म्हणाली, अजून नाही सांगितलं गं तिने. कोण होती ती? येते का अजून?"

बाई, तुमच्या पद्धतीने किती जणींना मोकळं केलं, ते मी डोळ्यांनी बघितलं. एकीसाठी, फक्त एकीसाठी, एकदा मोडायची होती. दार लावून, माझा हात धरून म्हणायचं होतं, झोप तिथे. मी झोपले असते. तुम्ही सांगितलेली कुठली गोष्ट मी केली नाही? आपण दोघी त्या एवढ्याशा खोलीत एकमेकींची वाट बघत बसलो, आणि मधल्या काळात माझं घर रिकामं होत गेलं.

मी म्हणाले, "ताई, ती मी."

एवढंच. एका श्वासात झालं. रस्त्यावरचा आवाज तसाच चालू होता. इतकी वर्षं जे माझ्या तोंडातून निघालं नाही ते असं, टॉवेलांच्या ढिगाशेजारी निघून गेलं, आणि त्याला तीन शब्दांहून जास्त काही लागलं नाही. मला वाटायचं, सांगितल्यावर काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. मी बसले होते तशीच बसून होते, एका बाजूवर.

अनघाताईंनी पिशवी खाली ठेवली. त्या या उपचारातून गेलेल्या, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि विचारलं, "मग आता तू कुणाकडे जाशील?"

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे. बसमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नात जेवणाच्या रांगेत, हळू आवाजात: कुणाकडे जाऊ? प्रत्येकीला माझं एकच उत्तर ठरलेलं होतं. मी विचारही केला नाही, बाई. तुमचंच नाव सांगितलं, पत्त्यासकट.

खालून टेबल न्यायला आलेल्या माणसांनी हाक मारली, तेव्हा ताई उठल्या आणि जिन्याकडे गेल्या.